एकोणऐंशी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात श्रेयस लागोपाठ तीन दिवस सुपरमार्केटच्या दारात सायकल विसरून पायीच घरी आला. तिन्ही दिवस सरलाबाई कोट चढवून गेल्या आणि सायकल हातानं ढकलत घेऊन आल्या. तीस वर्षं हॉलंडात काढूनही त्यांना सायकलवर बसता येत नव्हतं, ढकलता मात्र येत होती. तिसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी उभे होते. ते हसून म्हणाले, "सरला, आता या वयात शिकतेस की काय?" सरलाबाईही हसल्या. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा सायकल जागच्या जागी होती आणि सरलाबाईंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

श्रेयस बारबोले कोण, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. आइस हॉकीच्या संघाचा तो कप्तान. वय बत्तीस, बचावाच्या फळीतला खेळाडू. त्याचं काम गोल करायचं नव्हतं, समोरून सुसाट येणाऱ्या माणसाच्या आडवं व्हायचं होतं. नऊ वर्षांचा असताना शाळेच्या सहलीत तो पहिल्यांदा बर्फावर उतरला. विसाव्या वर्षी खेळाचा पगार घेऊ लागला. तीन हिवाळे जर्मनीत खेळून आला आणि मग परत येऊन आपल्याच भागातल्या संघात आठ वर्षं राहिला. देशाचा शर्टही त्यानं घातला होता. दोन वेळा नाक मोडलं, एकदा कॉलरबोन, आणि डोक्याला जबर मार लागला तो तीनदा. तिसरा मार डिसेंबरातला. कडेच्या फळीवर डोकं आपटून तो अर्धा मिनिट बर्फावर निपचित पडला होता. क्लबच्या डॉक्टरनं सक्तीनं घरी बसवलं, म्हणाला, तपासणीत पास झाल्याशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही.

हा शेवटचा हंगाम, असं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. मार्चमध्ये अंतिम सामने. संघ तिथवर पोचणार हे दिसत होतं. क्लबनं सांगून ठेवलं होतं की हंगाम संपला की त्याचा शर्ट हॉलच्या छताला टांगायचा, तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. पंचेचाळीस वर्षांत असे तीनच शर्ट वर गेले होते.

सून अमृता पुण्याची. संगणकाच्या कंपनीत नोकरी, सकाळी सातच्या गाडीनं उत्रेख्तला जायची. नवऱ्याचा खेळ तिला कधी फारसा कळला नाही, पण नवरा कळत होता.

"बास झालं आता," ती जेवताना म्हणाली. "चार मॅच कमी खेळलास तर काय आभाळ कोसळणारे?"

"दोनच महिने राहिलेत गं."

"तुझं डोकं आहे ते, फुटबॉल नाहीये."

"फुटबॉल कुठे? मी हॉकी खेळतो."

"विनोद करू नकोस. आई, तुम्ही तरी सांगा याला."

सरलाबाईंनी वरणाची वाटी पुढे सरकवली. "डॉक्टर आहे की सांगायला. आपण कोण?"

हे बोलणं साधं दिसत असलं तरी साधं नव्हतं. बाईंना त्या हॉलचा लोभ होता. सन शहात्तरमध्ये दिलीपराव बारबोल्यांबरोबर त्या या देशात आल्या तेव्हा कडेवर दोन वर्षांचा श्रेयस होता आणि पदरी अक्षरओळख नव्हती. दिलीपराव कारखान्याच्या टूलरूममध्ये, सकाळी गेले की अंधार पडल्यावर यायचे. सुरुवातीला तर अशी गंमत की शेजारीण दारात उभी राहून बोलताना "या, या" करायची. म्हणजे त्यांच्या भाषेत "हो, हो". सरलाबाईंना वाटायचं, आत बोलावतेय. दोन-तीनदा त्या सरळ तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. गल्लीत बरेच दिवस हसू झालं. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी त्या बायकांच्या वर्गात जाऊन आधी डच अक्षरं शिकल्या, मग कॅलेंडरवरून मराठी. पण त्याही आधी त्यांना या देशात जागा मिळाली ती हॉकीच्या हॉलमध्ये. तिथं त्या "श्रेयसची आई" होत्या. चहावाला न मागता कप पुढे करायचा. दिलीपराव गेले तेव्हा दोन हजार माणसं टोप्या काढून मिनिटभर गप्प उभी राहिली होती. असं माणसाला एकदा मिळालं की सोडवत नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी श्रेयस स्वयंपाकघरात आला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर ओढलेली. उजेड त्याला सोसत नव्हता. खिडक्यांचे पडदे दिवसाही ओढलेले असत.

"आई, उद्या डॉक्टरकडे जायचंय. घरचं माणूस बरोबर लागतं. तू चल."

"उद्या? अमृतानं तर पुढच्या बुधवारची रजा काढलीय."

"तारीख अलीकडे आलीय. तिला नको सांगू, उगाच धावपळ करेल."

सरलाबाईंनी मटार सोलता सोलता त्याच्याकडे पाहिलं. तारीख आपोआप अलीकडे येत नाही, कुणीतरी आणावी लागते, हे त्यांना कळलं. अमृता गेली असती तर सगळं सांगितलं असतं. सायकलचं तिला ठाऊक नव्हतं, पण बाकी पुष्कळ ठाऊक होतं. रात्री उठून तो न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडतो, मागच्या आठवड्यात रिकामी किटली गॅसवर ठेवून विसरला, एकदा तिला हाक मारायला गेला आणि नावच सापडेना.

"तुला खरंच बरं वाटतंय का रे?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय. थोडं उरलंय, ते खेळताना जाईल."

"बर्फावर आपटून डोकं बरं होतं, हे नवीनच ऐकते."

"आई, प्लीज."

एवढंच म्हणाला. बत्तीस वर्षांचा गडी, दाराएवढा उंच, आणि आवाज असा की त्यापुढे बाईंचं काही चाललं नाही.

क्लबचे डॉक्टर लामर्स चाळिशीतले, त्याच भागातले, ब्राबांट प्रांताचे, बोलायला मऊ. हॉलच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. श्रेयसला त्यांनी आज वार कोणता, महिना कोणता असं विचारलं. पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले. एका पायावर उभं केलं. मग म्हणाले, "शंभरातून सात वजा कर. आलेल्या आकड्यातून पुन्हा सात. असं खाली येत जा."

सरलाबाई खुर्चीत ताठ झाल्या.

कारण ही उतरण त्यांचीच होती. त्यांचे वडील बार्शीच्या बाजारात मापारी. त्यांनी आयुष्यात हातात पेन्सिल धरली नाही. वखारीत शंभर पोत्यांची थप्पी लागायची, एका गाडीत सात पोती जायची, आणि दर गाडीमागं वडील उरलेला आकडा मोठ्यानं म्हणायचे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. लहानगी सरला थप्पीला टेकून ऐकायची. अक्षर आलं नाही, पण आकडे अंगात मुरले. या देशातल्या घराचा जिना शिडीसारखा उभा, चौदा पायऱ्यांचा. पोर पडू नये म्हणून त्यांनी त्याला एकेका पायरीला एकेक आकडा लावून दिला. वर शंभर, आणि शेवटच्या पायरीवर दोन. तिसऱ्या वर्षापासून श्रेयस ती उतरण म्हणत जिना उतरत आला. त्याला वजाबाकी करावीच लागत नव्हती. चाक उतारावरून सुटावं तसे आकडे सुटत. त्यात डोक्याचं काम नव्हतं.

हे डॉक्टरला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

शिवाय डच आणि मराठी या एका बाबतीत सख्ख्या बहिणी. इंग्रजीत नव्वद आधी आणि तीन नंतर, पण डच माणूस आपल्यासारखाच तीन आधी म्हणतो, नव्वद नंतर. त्र्याण्णव, शहाऐंशी ही उतरण शब्दामागून शब्द तशीच डचमध्ये उतरवता येते. श्रेयस ओठांत मराठी म्हणायचा आणि बाहेर डच काढायचा.

"त्र्याण्णव," तो म्हणाला. "शहाऐंशी." मग थांबला. ओठ हलले. "एक्क्याऐंशी."

डॉक्टरचा पेन थांबला.

"बाहत्तर," श्रेयस पुढे म्हणाला. "पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न..." आणि थेट दोनपर्यंत खाली आला.

डॉक्टरनं कागदाकडे पाहिलं. "शहाऐंशीतून सात गेले की किती?"

श्रेयसचे डोळे भिंतीवर कुठंतरी आकडा शोधत होते. सरलाबाईंनी ते डोळे पाहिले. एकोणतीस वर्षांत त्या पायरीवर त्याचा पाय कधी चुकला नव्हता. तापात नाही, झोपेत नाही, बाप गेला त्या दिवशीही नाही. चाक दगडावरून उडालं होतं आणि उडाल्याचं त्याचं त्याला कळलं नव्हतं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना परक्या बाईचा वाटला. "तो माझ्या भाषेत मोजतो. आमच्याकडे एकोणऐंशीला नऊ आणि सत्तर म्हणत नाहीत. एक कमी ऐंशी असं म्हणतात. आधी एक येतो, मग ऐंशी. त्यानं एक आणि ऐंशी तसंच तुमच्या भाषेत सांगितलं. डोकं बरोबर आहे. जीभ घसरली."

डॉक्टर लामर्सना ते फार आवडलं. "असं? एक कमी ऐंशी? किती सुंदर!" त्यांनी ते पुन्हा म्हणवून घेतलं, स्वतः म्हणून पाहिलं, हसले. दुसऱ्याच्या भाषेचा मान ठेवणारा माणूस होता तो. मग त्यांनी बाईंनाच विचारलं, "घरी कसा असतो? झोप? उजेड? विसरणं?"

"झोपतो," सरलाबाई म्हणाल्या. "थोडा चिडतो. घरात बसायची सवय नाही ना."

"आणि विसरणं?"

त्यांनी हातातली पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"माझ्यापेक्षा कमी विसरतो," त्या म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

परतीच्या बसमध्ये श्रेयस खिडकीला डोकं टेकून बसला होता. तसाच म्हणाला, "थँक यू, आई."

डच मुलं आईला उठता-बसता थँक यू म्हणतात. श्रेयस घरात कधी म्हणत नसे, मराठी घरात तसं म्हणायचं नसतं हे त्याला न शिकवता कळलं होतं. त्या दिवशी म्हणाला. बाईंना ते ऐकवलं नाही. पण डॉक्टरनं सही केली होती आणि घर जवळ येत होतं.

अमृतानं संध्याकाळी आकांत केला. "पास केलं? माझ्याशिवाय? आई, तुम्ही गेलात आणि मला फोनसुद्धा नाही?"

"त्यानं तपासलं गं नीट. अर्धा तास तपासत होता."

"तुम्हाला काय विचारलं?"

"झोपतो का, खातो का. असंच."

अमृतानं सासूकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग बॅग उचलून वर गेली.

अंतिम सामना मार्चमधल्या एका रविवारी दुपारी झाला. हॉल तुडुंब. सरलाबाई नेहमीच्या जागी, गुडघ्यांवर शाल. अमृता आली नव्हती. श्रेयस बर्फावर उतरला तेव्हा अख्खा हॉल त्याचं नाव तोडून तोडून म्हणत होता, श्रे-यस, श्रे-यस. त्या आवाजात बाईंना जानेवारी महिना खोटा वाटला.

दुसऱ्या सत्रात त्याला धक्का बसला. धक्का म्हणावा असाही तो नव्हता. तसे सामन्यात वीस लागतात. समोरच्या पोराचा खांदा त्याच्या हनुवटीला लागला, श्रेयस एका गुडघ्यावर बसला आणि उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो हळूहळू घसरत कडेला गेला, फळीवरून पाय टाकला आणि बाकावर जाऊन बसला. तो बाक समोरच्या संघाचा होता.

हॉल हसला. अगदी मनापासून हसला. समोरच्या संघाच्या एकानं गंमत म्हणून सरकून त्याला जागा दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. श्रेयसनं ती घेतली. आपल्याच घरात बसावं तसा तो बसला होता. सरलाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूची बाई डोळे पुसत हसत होती, "तुझा मुलगा म्हणजे ना!" तेवढ्यात बाटली त्याच्या हातून सुटली आणि तो समोर फळीवर कोसळला. हसू मागच्या रांगांपर्यंत थांबायला वेळ लागला. मागच्यांना दिसलं नव्हतं.

डॉक्टर लामर्स बर्फावरून बुटांनी धावत, पडत, पुन्हा उठून धावत त्या बाजूला गेले. ते बाईंनी पाहिलं. पुढचं फारसं आठवत नाही.

कवटी उघडून आत वाढलेला दाब कमी केला. अकरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, आधीचा मार भरला नव्हता, त्यावर हा बसला. एरवी हा धक्का काहीच नव्हता. "थोडं थांबला असता," एवढं बोलून त्या थांबल्या.

श्रेयस जगला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असत, पण ते तुमच्यावर आहेत की तुमच्या मागच्या भिंतीवर, हे सांगता येत नसे. उन्हाळ्यात त्याला घरापासून बसच्या चाळीस मिनिटांवर असलेल्या शुश्रूषागृहात हलवलं. सकाळी नर्स त्याला खुर्चीत बसवत, संध्याकाळी उचलून ठेवत.

अमृतानं डॉक्टर लामर्सविरुद्ध वैद्यकीय शिस्त मंडळाकडे तक्रार केली. कामावरून आली की ती लॅपटॉप उघडून बसायची. ऑगस्टमध्ये मंडळाकडून डॉक्टरच्या नोंदींची प्रत आली. तिनं ती वाचली आणि कागद टेबलावर आपटला.

"बघा, आई! वाचा हे. 'एक चूक. कारण भाषिक.' भाषिक म्हणे! माझा नवरा दोन वर्षांचा असल्यापासून इथं वाढला, स्वप्नं डचमध्ये पाहायचा, आणि हा गोरा माणूस आपल्या मराठीवर बिल फाडतोय!"

सरलाबाईंनी चष्मा लावला. दोनच ओळी होत्या. घरच्या माणसानं काय सांगितलं याच्या जागी लिहिलं होतं, विशेष तक्रार नाही. आईनं खुलासा केला, असं कुठंच लिहिलं नव्हतं. विसरला असेल, की गाळलं असेल? पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्यानं पाठीशी घातलं होतं की काय? हा विचार त्यांना नोंदीपेक्षा जास्त लागला.

"याला सोडणार नाही मी," अमृता म्हणाली. "तुम्ही होतात ना तिथं? मंडळ तुमचंही म्हणणं मागवणार आहे. सांगा, त्यानं नीट विचारलंच नाही म्हणून."

"बघू," सरलाबाई म्हणाल्या.

तो शब्द त्यांनी दीड महिना चालवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ झाकून ठेवली तर एका भल्या माणसाचा गळा आवळला जात होता. आणि उघडली तर घरात उरलेलं एकमेव माणूस जात होतं. नात नाही, नातू नाही. बार्शीत आता ओळखीचं दारही नव्हतं. अमृता रविवारी त्यांचा हात धरून बस चढवायची, श्रेयसपाशी दोघी आळीपाळीनं बसायच्या, परतताना एका डब्यातलं खायच्या. एवढंच काय ते होतं.

ऑक्टोबरात, नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी, क्लबनं शर्ट वर चढवला. श्रेयसला आणता आलं नाही. दोरी ओढायचा मान सरलाबाईंना दिला. अध्यक्षांनी माईकवर श्रेयसची तेरा वर्षं सांगितली, किती सामने, किती करंडक. "जिथं दुसरे काठी घालतात तिथं श्रेयस डोकं घालायचा," असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य पूर्वीही म्हटलं जायचं, आणि पूर्वी बाईंना ते गोड लागायचं. दोरी खरखरीत होती. शर्ट हिसके खात वर गेला. अमृता बाजूला उभी राहून रडत होती.

कार्यक्रम संपल्यावर चहावाल्यानं न मागता कप दिला. म्हणाला, "त्या लामर्सला आम्ही इथं फिरकू देत नाही, सरला. गेल्या महिन्यात आला होता, गाडीवर थुंकलो आम्ही." त्याला वाटलं, बाईंना बरं वाटेल.

सरलाबाईंनी कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी अमृता कामावर गेल्यावर त्या टेबलाशी लिहायला बसल्या. डच बोलायला येत होतं, पण असलं लिहायला पुरत नव्हतं. म्हणून मराठीत लिहिलं. अक्षर उशिरा आलेलं, एकेक अक्षर मुंगी धरून बसवावं तसं बसवावं लागे. तीन दिवस लागले. सायकलचं लिहिलं, तिन्ही वेळचं. किटलीचं, टोपीचं, तारीख कुणी बदलली त्याचं. वखारीतली उतरण लिहिली आणि चौदा पायऱ्या लिहिल्या. मग लिहिलं: "एकोणऐंशीला तो अडकला तेव्हा मला समजले की डोके बरोबर नाही. मी डॉक्टरांना भाषेचे कारण सांगितले. ते कारण खोटे नव्हते पण मी ते खोटे बोलण्यासाठी सांगितले. डॉक्टरांनी विसरणे विचारले, मी हसवले. मला तो हॉल हवा होता."

संध्याकाळी त्यांनी ती चार पानं अमृतापुढे ठेवली. "हे माझं म्हणणं. मंडळाला पाठवायचंय. डचमध्ये करून दे."

"वा! शेवटी लिहिलंत," अमृता म्हणाली. लॅपटॉप ओढून घेतला आणि वाचत वाचत टाइप करू लागली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर बोटं मंदावली. तिसऱ्या पानावर थांबली. चौथं तिनं हात मांडीवर ठेवून वाचलं.

सरलाबाई समोर उभ्याच होत्या.

"सायकल तीनदा?" अमृता म्हणाली.

"तीनदा."

"आणि मला संध्याकाळी कोशिंबीर हवी का विचारत होतात."

सरलाबाईंनी टेबलावरची पानं सारखी केली.

"मी त्या माणसाला काय काय म्हटलंय, माहितीये तुम्हाला? सगळ्यांसमोर? वर्णद्वेषी म्हटलंय मी त्याला. तुमच्या वाक्यासाठी."

"म्हणूनच लिहिलंय."

"आता?" अमृता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता लिहून कोणाचं काय होणारे, आई?"

"डॉक्टरचं."

"आणि श्रेयसचं?"

अमृतानं लॅपटॉप पुन्हा जवळ घेतला. उरलेलं सगळं तिनं डचमध्ये केलं, एकही वाक्य न गाळता, न मऊ करता. छापून आणलं. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. सही झाल्यावर कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवताना म्हणाली, "तुम्ही शनिवारी जात जा त्याच्याकडे. मी रविवारी जाईन."

"बरं."

"बस चढताना ड्रायव्हरला सांगा. तो पायरी खाली घेतो."

महिन्याभरात अमृतानं नोकरीजवळ खोली बघितली. भांडण झालं नाही. जाताना तिनं फ्रिजवर शुश्रूषागृहाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला.

मंडळानं डॉक्टर लामर्सना ताकीद दिली. घरच्या माणसाच्या शब्दावर डॉक्टरनं विसंबायला नको होतं, असं निकालात लिहिलं. बाईंच्या कागदाचा उपयोग एवढाच झाला की ताकिदीपेक्षा मोठी शिक्षा टळली. डॉक्टरांनी खेळाडू तपासणं सोडलं, असं चहावाल्याकडून कळलं. त्यानं बाईंना चहा दिला, पण पैसे घेतले.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सरलाबाई श्रेयसच्या खुर्चीशेजारी बसून त्याच्या वाळलेल्या बोटांना तेल लावत होत्या. नवीन नर्स, कोवळी पोरगी, चादर बदलत होती. अचानक श्रेयसच्या घशातून आवाज आला. खालून वर येणारा, मधेच तुटलेला. पुन्हा तसाच आला.

पोरगी चादर टाकून धावत आली. तिचे डोळे चमकत होते. "काहीतरी बोलला! आमच्या भाषेतलं नव्हतं. तुमच्या भाषेतलं होतं ना? काय म्हणाला?"

सरलाबाईंनी श्रेयसच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात लाळ होती. त्यांनी कान जवळ नेला. आवाज तिसऱ्यांदा आला. थोडं ओढून-ताणून त्यातून 'आई' काढता आलं असतं. पोरगी वहीत तसं लिहिणारच होती, पेन हातात होतं. ते रविवारी अमृतानं वाचलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "शब्द नव्हता. नुसता आवाज होता."

"नक्की?"

"नक्की. घशात कफ असेल. डॉक्टरला बोलव, तपासू दे."

पोरगी गेली. सरलाबाईंनी रुमालानं त्याचं तोंड पुसलं आणि डॉक्टर येईपर्यंत आपली खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली, त्यांना पुढे यायला जागा व्हावी म्हणून.